ओल्डरशॉची स्पॅनिश धूळ

नॉर्मन ओल्डरशॉला माणसं आवडत नसत. बोटाएवढी, शिशाची असली तर त्याला त्यांच्यात थोडाफार रस वाटे. पण तीही त्याला सहसा पसंत पडत नसत, कारण ती दुसऱ्या कुणीतरी रंगवलेली असत.

दर गुरुवारी संध्याकाळी इंग्लंडातल्या बीस्टनच्या मेथडिस्ट चर्चमागच्या हॉलमध्ये त्यांचा क्लब भरे. पोट सुटलेले, टक्कल पडलेले बाप्ये शिपायांची खोकी सांभाळत यायचे, टेबलं जोडून वर हिरवं कापड अंथरायचे आणि दोनशे वर्षांपूर्वी रीतसर निकाली निघालेली लढाई पुन्हा लढायला घ्यायचे. एका हातात फासे, दुसऱ्या हातात मोजायची टेप आणि तोंडात व्हिनेगरवाले वेफर्स. घरी ज्यांच्या हातात टीव्हीचा रिमोटही कुणी देत नाही, ते इथं अख्खं घोडदळ मरायला पाठवत आणि मग चहाच्या खिडकीपाशी जाऊन गुमान रांगेत उभे राहत.

या मंडळींत नॉर्मनचा दरारा होता. तो नॉटिंगहॅमच्या पालिकेत गटारांचे नकाशे सांभाळून निवृत्त झाला होता. नोकरीत वरचे साहेब त्याला अडाणी वाटत आणि हाताखालचे मठ्ठ, त्यामुळे त्याची कधी बढती झाली नाही आणि त्याचंही खापर त्यानं इतरांच्याच डोक्यावर फोडलं होतं. क्लबात मात्र त्याला रान मोकळं होतं. हात पाठीमागे बांधून तो टेबलांभोवती फिरे. मधेच खिशातून भिंग काढून कुणाच्या तरी शिपायावर ओणवा होई. मग एक सुस्कारा. तो सुस्कारा ऐकला की भल्याभल्यांचे कान लाल होत.

"ही कॉलर पिवळी का रे?" तो विचारी.

"पुस्तकात पिवळी होती, नॉर्मन."

"कुठलं पुस्तक? पोरांचं, रंग भरायचं?"

हसणारे हसत, कारण आज आपली पाळी नाही याचंच त्यांना सुख. ज्याची पाळी असे तो पुढच्या गुरुवारपर्यंत कॉलर बदलून आणी. इतके निमूट लोक होते ते. नॉर्मन डोक्यावर बसला यात नॉर्मनचा दोष निम्माच.

क्लबात एक नियम होता: रंग न दिलेला शिपाई टेबलावर उभा राहणार नाही. हा नियम नॉर्मननं केला होता आणि तो केला होता सिड विडोसनसाठी. सिड बेकरीत भट्टीवर काम करणारा, गडगडाटी हसणारा, सगळ्यांना 'राजा' म्हणणारा माणूस. पहिल्यांदा क्लबात आला तो प्लास्टिकचं करडं फ्रेंच सैन्य घेऊन. साच्याच्या शिवणीसुद्धा खरवडलेल्या नाहीत, हात चिकटवलेले तेही वाकडे. नॉर्मननं त्यातला एक शिपाई मेलेली पाल उचलावी तसा दोन बोटांत उचलला आणि खोक्यात परत टाकला. पुढच्याच बैठकीत नियम झाला.

सिड काही कमी नव्हता. त्यानं घरी जाऊन सैन्यावर निळ्या-पांढऱ्याचे चार फटकारे मारले, लाकडी जमिनीला देतात त्या तपकिरी व्हार्निशच्या डब्यात एकेकाला बुडवलं, झटकलं, वाळवलं आणि पुढच्या गुरुवारी हजर केलं. चुण्यांत तपकिरी साचून सावल्या आपोआप पडल्या होत्या. वर ते सगळं असं चकाकत होतं की दिव्याखाली डोळे दिपावेत.

"चहात बिस्किटं बुडवतात तशी बुडवलीस की काय?" नॉर्मन म्हणाला.

"लांबून बरी दिसतात, राजा."

"लांबून तर तूही बरा दिसतोस."

त्या दिवसापासून नॉर्मनच्या तोंडी 'चकचकीत' हा शब्द शिवीसारखा बसला. वाईट रंगकाम म्हणजे चकचकीत, वाईट माणूस म्हणजे चकचकीत. सिडला त्याचं काही वाटत नसे. वाटून घ्यायला लागतं तेवढं डोकं त्याच्यापाशी नव्हतं, असं नॉर्मनचं मत होतं.

नॉर्मनचं स्वतःचं सैन्य कुठंय, हा प्रश्न मात्र इतक्या वर्षांत कुणीच विचारला नव्हता. विचारायची गरजही पडली नव्हती. क्लब काढणाऱ्या म्हाताऱ्या विल्फ ब्रॉकलबँकपाशी सुरेख रंगवलेलं फ्रेंच सैन्य होतं आणि विल्फला सेनापती व्हायची हौस नव्हती. तो सैन्य मांडून द्यायचा, नॉर्मन ते चालवायचा. मग एका हिवाळ्यात विल्फ वारला. त्याच्या मुलानं सगळे शिपाई कापसात गुंडाळले आणि ऑस्ट्रेलियाला नेले.

वसंतातल्या बैठकीत नवा सेक्रेटरी गॅरेथ पिम बोलायला उभा राहिला. पिम शाळेत विज्ञान शिकवायचा, मृदू बोलायचा आणि म्हणूनच नॉर्मनला तो सहन होत नसे.

"नोव्हेंबरात आपला खुला दिवस," पिम म्हणाला. "मोठ्या टेबलावर या वर्षी स्पेनमधली सालामांकाची लढाई लावू, इंग्रज विरुद्ध फ्रेंच. फ्रेंचांची डावी बाजू नॉर्मनकडे, नेहमीप्रमाणे. नॉर्मन, आता तुझं स्वतःचंच सैन्य आणशील ना?"

सगळ्यांची तोंडं नॉर्मनकडे वळली.

"आणीन की."

"रंगवलेलं?"

"पिम, हे तू मला विचारतोयस?"

"नियम आहे ना. तूच केलेला." पिमच्या आवाजात खोच नव्हती, खरोखर नव्हती, आणि तेच जास्त लागलं. "नाही जमलं तरी हरकत नाही. सिडची फ्रेंच ब्रिगेड तयारच आहे. तो सांभाळेल डावी बाजू."

"मी तर काय, केव्हाही, राजा," सिड म्हणाला.

म्हणजे प्रश्न एवढाच होता: नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी, बाहेरगावचे लोक बघत असताना, मोठ्या टेबलाशी नॉर्मन उभा राहणार, की त्याच्या जागी चहात बुडवलेली बिस्किटं घेऊन सिड. बाकीच्या जगाला याचं काडीचंही सोयरसुतक नव्हतं. नॉर्मनला दुसरं काही सुचेना.

कारण खरी गोष्ट अशी की, नॉर्मननं आयुष्यात एकही रेजिमेंट पुरी केलेली नव्हती. त्याला सुरुवात करायचं व्यसन होतं. नवं खोकं आलं की तो हरखायचा. शिपाई सुटे करायचा, कानशीनं शिवण इतकी सफाईनं घासायचा की बोट फिरवलं तरी लागू नये, हात-बंदुका चिकटवायचा, मग स्प्रेनं प्रायमरचा काळा हात मारायचा. एवढं झालं की आता चूक होण्याची पाळी येई. काळ्या शिपायाला कुणी नावं ठेवू शकत नाही. रंगवलेल्याला ठेवू शकतो. म्हणून ते शिपाई माळ्यावर जात आणि दुसरं खोकं उघडलं जाई. न रंगवलेल्या शिपायांच्या साठ्याला क्लबात सगळे 'शिशाचा डोंगर' म्हणत आणि असा डोंगर प्रत्येकाच्या घरी होता. नॉर्मनच्या घरी डोंगररांग होती.

"वर मयताला आल्यासारखे उभे आहेत सगळे," त्याची बायको हेझल म्हणायची. "काळे कपडे आणि तोंडं नाहीत." ती शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली, कामाला वाघ आणि बोलायला फटकळ. व्हॅक्युम क्लीनर ती जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंतच नेई. त्यापुढं तिनं नवऱ्यावर पाणी सोडलं होतं.

ईस्टर झाल्यावर नॉर्मन माळ्यावर चढला आणि रंगवायला बसला.

आता इथं त्याच्याबद्दल एक बरी गोष्ट सांगणं भाग आहे. लाज राखायला म्हणून का होईना, त्यानं काम मन लावून केलं. काळ्यावर गडद निळा, त्यावर कडांना फिका निळा आणि दोन रंगांच्या मधे केसाएवढी काळी रेघ तशीच राखलेली. छातीवरचे पांढरे पट्टे आधी राखी, मग पांढरे. गालांवर तांबूसपणा. डोळे शेवटी. श्वास रोखून पांढरा ठिपका, त्यात काळा ठिपका. हात हलला की शिपाई दचकल्यासारखा दिसे, मग तोंड पुसून पुन्हा पहिल्यापासून. आधीची पलटण वाईट झाली, तिच्यानंतरची बरी. उन्हाळा सरता सरता जे उतरायला लागलं ते विल्फलाही जमलं नसतं. प्रत्येक चेहरा वेगळा. कुणी भेदरलेला, कुणी पाय दुखून वैतागलेला. त्या महिन्यांत नॉर्मननं कुणाची निंदा केली नाही, कारण तो गुरुवारी क्लबातच गेला नाही. भिंग पहिल्यांदाच स्वतःच्या कामावर धरलं होतं आणि त्यातून दिसणारं त्याला आवडत होतं. असा माणूस वर्षभर माळ्यावरच राहिला असता तर सगळ्यांचंच भलं झालं असतं.

खुल्या दिवसाच्या आदल्या शुक्रवारी फक्त शेवटचं व्हार्निश राहिलं होतं. खेळताना बोटं लागून रंग उडू नये म्हणून ते मारावंच लागतं आणि नॉर्मनला लागणार ते चमक मारणारं, मॅट. ते स्प्रेच्या डब्यातून मारतात. ते कधी मारू नये हे या लोकांतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं: हवेत ओल असताना. ओल धरली की व्हार्निश पांढरं पडतं, सगळ्या रंगावर बुरशीसारखा थर बसतो. "दमट दिवशी स्प्रे मारणाऱ्याला मतदानाचा हक्क नसावा," हे वाक्य नॉर्मननं क्लबात कितीदा ऐकवलं होतं.

त्या आठवड्यात ट्रेंट नदीवरून धुकं उठलं होतं ते हटायचं नाव घेत नव्हतं. वाळत टाकलेला टॉवेल चार दिवस ओला होता. नॉर्मननं खिडकीतून पाहिलं, डबा हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. वाट पाहायला उद्याचा दिवस नव्हता. आणि आपल्या हातून तसलं काही होत नसतं, हेही त्याला मनातून पक्कं वाटत होतं. मूर्खपणा इतर लोक करतात. मागच्या अंगणातल्या थंडगार शेडमध्ये त्यानं फळीवर सगळी ब्रिगेड मांडली, डबा खळखळवला आणि मारला. मग घरात येऊन त्यानं चहा घेतला, लोणी लावलेला टोस्ट खाल्ला, बशी धुतली.

परत गेला तेव्हा फळीवर पिठाच्या पोत्यातून काढल्यासारखे शिपाई उभे होते. निळा नाही, पांढरा नाही, गाल नाही, डोळे नाहीत. एकजात पांढुरके.

तो उलट्या बादलीवर बसला. उपाय त्याला माहीत होता. सगळ्यांनाच माहीत असतो: ब्रशनं ऑलिव्ह तेलाचा पातळ हात फिरवायचा, पांढरेपणा मुरून जातो, रंग परत येतात. फक्त शिपाई तेलकट चमकतात. नंतर कोरड्या दिवशी वरून पुन्हा मॅट मारलं की ती चमकही जाते, पण कोरडा दिवस कुठून आणायचा? म्हणजे उद्या नेले तर चकचकीत न्यायचे. सिडच्या शेजारी, सिडसारखे. नॉर्मननं खूप वेळ विचार केला. कामाचं कौतुक व्हावं की आपलं हसू होऊ नये, यातलं एकच मिळणार होतं, आणि त्यानं काय निवडलं हे ज्याला तो माहीत आहे त्याला सांगायला नको.

शनिवारी सकाळी हॉल गच्च भरला होता. नॉर्मननं खोकं उघडलं आणि फ्रेंचांची डावी बाजू मांडली. सगळे जमले.

"नॉर्मन," पिम हळूच म्हणाला, "हे पांढरं..."

"धूळ," नॉर्मन म्हणाला. "जुलै महिना, स्पेन. दोन्ही सैन्यं सकाळपासून शेजारी शेजारी चालतायत. त्या धुळीनंच तर घात केला फ्रेंच सेनापतीचा. इंग्रजांकडची धूळ पाहिली आणि त्याला वाटलं पळाले. वाचलंयस ना? का नुसतेच शिपाई रंगवतोस?"

"धूळ," पिम म्हणाला.

"पंधरा दिवस बसलो त्या थरासाठी. तुमचे शिपाई बघा, आत्ता धोब्याकडून आल्यासारखे. लढाईला चाललेत का लग्नाला?"

त्याचा आवाज नेहमीचाच होता, तो वरून खाली येणारा, आणि त्या आवाजाची सवय झालेली माणसं माना डोलवायला लागली. एकानं वाकून पाहिलं आणि "खरंच की, टोपीवरसुद्धा बसलीय," म्हणाला. टोपीवर बसली होती, तोंडात बसली होती, काखेत बसली होती. काखेत धूळ कशी बसते हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. डोळ्यांना दिसत होतं ते सोडून कानांनी ऐकलं ते मानायचं, हीच त्यांची इतक्या वर्षांची तालीम होती.

सिडनं तेवढी मान डोलावली नाही. चहाच्या सुट्टीत त्यानं नॉर्मनला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं.

"राजा, आत तेलाची बाटली आहे. अर्ध्या तासाचं काम. मी ब्रश आणतो, दोघं मिळून करू. कुणाला कळणार नाही."

"काय करू?"

"अरे, होतं असं. माझं तर दोनदा झालंय."

"तुझं होणारच," नॉर्मन म्हणाला. "मी मुद्दाम केलंय, सिड. तुझ्या डोक्यावरून जाणारी गोष्ट आहे ही. तू जा, बिस्किट खा."

सिडनं हातातला कप खाली ठेवला. "बरं, राजा," म्हणाला आणि खरंच जाऊन बिस्किट खाल्लं.

संध्याकाळी पाहुण्यांची मतं मोजली. उत्कृष्ट रंगकामाचं बक्षीस नॉर्मन ओल्डरशॉला. डर्बीहून आलेल्या एकानं मोबाईलवर फोटो काढले. पिमनं सगळ्यांसमोर जाहीर केलं की गुरुवारी नॉर्मन क्लबाला ही धुळीची पद्धत शिकवेल, ज्यांना हवी त्यांनी आपापले शिपाई घेऊन यावेत. टाळ्या पडल्या. नॉर्मननं कप घेतला, मान किंचित झुकवली आणि या गाढवांना काहीच कळत नाही असं त्याला आयुष्यात इतक्या खात्रीनं कधीच वाटलं नव्हतं. पण या खेपेला त्यात मजा नव्हती. ज्या कामावर त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा बोट ठेवायला जागा नव्हती ते कुणी पाहिलंच नव्हतं, आणि ज्यासाठी टाळ्या पडल्या ती होती ओल धरलेली बुरशी.

रविवारी दुपारी हेझल बहिणीकडे जाते. ती गेल्यावर नॉर्मननं स्वयंपाकघरातल्या कपाटातून तेलाची बाटली काढली, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि खोक्यातला एक शिपाई उचलला. बारीक ब्रश तेलात टेकवून त्यानं तो चेहऱ्यावरून फिरवला. पांढरं आत जिरलं. आधी एक डोळा आला, मग दुसरा. पांढरी मिशी, थंडीनं फुटल्यासारखे गाल, हनुवटीखाली मळकी पट्टी. मग निळा कोट, बाहीवरचे सार्जंटचे पट्टे, कोपरावर लावलेलं ठिगळ आणि त्या ठिगळाचे टाकेसुद्धा. खिडकीतून आलेल्या उजेडात त्यानं तो फिरवून फिरवून पाहिला. चमकत होता थोडा. इतका काही नाही. त्याला वाटलं होतं त्याच्या पावपटही नाही.

दार वाजलं. बहीण घरी नव्हती म्हणून हेझल लवकर परतली होती. तिनं कोट काढला, किटली लावली, येता येता टेबलाशी थांबली आणि नेहमीप्रमाणे पुढं गेली नाही.

"हा कुठून आला?" ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "अगंबाई. ह्याच्याकडे बघ तरी. आमच्या शाळेचा जुना शिपाई असाच दिसायचा, निवृत्त व्हायच्या आधी." तिनं चष्मा पुसून पुन्हा लावला. "टाके पण काढलेत. कुणी रंगवला रे हा?"

नॉर्मननं तोंड उघडलं. मी, असं म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता: मग ती पांढरी भुतं कशाला नेलीस? आणि हेझलला सांगितलेली गोष्ट पोस्टाच्या रांगेत पिमच्या बायकोपर्यंत पोचायला सोमवार पुरे होता. कालचा कप समोर फ्रिजवर होता.

"सिडनं," तो म्हणाला.

"सिड? तो बेकरीतला? ज्याला तू बिस्किटवाला म्हणतोस?"

"तोच."

हेझल त्या सार्जंटकडे अजून थोडा वेळ बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते नॉर्मननं लग्नानंतर क्वचितच पाहिलं होतं, आणि त्याच्याकडे बघताना तर कधीच नाही.

"मग इतकी वर्षं त्याला काय नावं ठेवत होतास?" किटली शिट्टी मारायला लागली तशी ती उठली. "जाऊन शीक जरा त्याच्याकडनं. लाज कसली त्यात?"

नॉर्मन "हो" म्हणाला.